आमची पत कुणी बुडवली?

माझा बाप मोंढ्यात हमाल आहे. पोत्याला हूक मारतो, पाठीवर घेतो, थप्पीला लावतो. गेली सव्वीस वर्षं हेच. आडत्याच्या गादीवर लाल कापडाच्या बांधणीची वही असते. त्या वहीत बापाच्या नावाचं एक पान आहे. बापाला ते पान वाचता येत नाही. आडत्या म्हणतो, एवढी उचल झाली. बाप म्हणतो, व्हय शेटजी.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मी नावे-जमा शिकलो. दिवाळीच्या सुट्टीत बापाला डबा द्यायला मोंढ्यात गेलो, तेव्हा वही उघडीच होती. पान वाचलं. आजीच्या दवाखान्यासाठी बापाने घेतलेली तीन हजाराची उचल दोनदा नावे टाकलेली. एकदा आषाढात, एकदा भादव्यात. मी बोट ठेवलं. आडत्याने चष्मा वर केला, माझ्याकडं बघितलं आणि हसला. "पोरगं हुशार निघालं रे तुझं," म्हणाला, आणि एका रेघेत तीन हजार खोडले.

एका रेघेत. माझ्या बापाचे जवळजवळ सात दिवस, म्हणजे शेकडो पोती, एका रेघेत परत आली. बाप खूश होईल असं वाटलं होतं. रात्री तो ताटावर मान खाली घालून बसला. म्हणाला, "पुन्हा गादीवर येऊ नको. उद्या मला पोतं भेटायचं नाही."

दोस्तहो, त्या रात्री मी ठरवलं की वही शिकायची. नीट शिकायची. नुसती नावे-जमा नाही. पैसा कुठून निघतो, कुठं मुरतो, कंपनी कशी उभी राहते, कर्ज कुणाला मिळतं आणि कुणाला मिळत नाही, हे सगळं शिकायचं. त्याला आजकाल बिझनेस म्हणतात. त्याची डिग्री असते, बी.बी.ए. ती शहरात मिळते. म्हणून ठरवलं, पहिलं वर्ष इथं झालं, दुसऱ्या वर्षाला शहरातल्या कॉलेजात जायचं.

इथून पुढं जे झालं ते मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. रडगाणी खूप झाली. आपल्या वस्तीवस्तीतून अशी पोरं निघतील, त्यांना रस्त्यात कुठं कुठं खड्डे खणून ठेवलेत ते कळावं, म्हणून लिहितो.

सरकारचं म्हणणं काय, ते आधी ऐका. २०२० साली नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम काढले. बँक हा शब्द ध्यानात ठेवा. तुम्ही जे शिकलात त्याचे क्रेडिट तुमच्या नावाच्या खात्यात जमा होणार. एका कॉलेजातले क्रेडिट दुसऱ्या कॉलेजात नेता येणार. निम्मे क्रेडिट डिग्री देणाऱ्या संस्थेत मिळवले की झालं. मधे शिक्षण सुटलं तरी क्रेडिट सात वर्षांपर्यंत टिकणार. एक वर्ष शिकलास तर सर्टिफिकेट, दोन वर्षं शिकलास तर डिप्लोमा, तीन वर्षांना डिग्री, चार वर्षांना ऑनर्स. कधीही या, कधीही जा. सगळे दरवाजे उघडे.

वाचून मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. क्रेडिट म्हणजे पत. आमच्या पिढ्यान्पिढ्यांत कुणाची पत नव्हती. आज्याला दुकानदार मीठ उधार देत नव्हता. आणि माझ्या नावाने देशाच्या बँकेत ४४ क्रेडिट जमा! मोबाईलवर आकडा दिसायचा. आईला दाखवला. तिने विचारलं, "हे पैसे काढता येतेत का?"

आईचा प्रश्न बरोबर होता. मलाच उशिरा कळला.

२०२५ च्या जूनमध्ये शहरातल्या कॉलेजाच्या काउंटरवर गेलो. काचेची इमारत, खाली कॉफीचं दुकान. काउंटरवरच्या बाईंनी माझी मार्कशीट एका तक्त्याशी लावून बघितली. तक्ता त्यांच्याकडं, आपल्याला दिसत नाही. पाच मिनिटांनी सांगितलं, तुमच्या ४४ पैकी १४ क्रेडिट जुळतात. मी विचारलं, कोणते? भारतीय ज्ञानप्रणालीचे २. पर्यावरण आणि मूल्यशिक्षणाचे ४. भाषेचे ४. योगासनं आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांचे ४. झाले १४.

आणि हिशेबशास्त्र? नाही जुळत. आमच्याकडं पेपरचं नाव वेगळं आहे. अर्थशास्त्र? नाही जुळत. तुमचं मुख्य विषयाचं खातं कॉमर्सचं, आमचं मॅनेजमेंटचं.

बघा हं, दोस्तहो. ज्या नावे-जमाने मी आडत्याच्या वहीतली चोरी पकडली, ते नावे-जमा बिझनेसच्या डिग्रीला चालत नाही. ऋषिमुनींचं ज्ञान मात्र बिनतक्रार जुळलं. सूर्यनमस्कार जुळले. ही कसली बँक? या बँकेत आपला घाम भरला की तो चलनातून बाद होतो. सनातन्यांच्या नोटा तेवढ्या सगळ्या शाखांत चालतात.

बरं, पहिल्या वर्षाचे राहिलेले पेपर पुन्हा देतो म्हणालो. मग बाईंनी दुसरं दार दाखवलं, तेही बंद. २०२४-२५ पासून बी.बी.ए., बी.एम.एस. हे कोर्स अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या ताब्यात गेले. महाराष्ट्रात त्यांना सीईटी लागली. तुम्ही सीईटी दिली नाही, मग दुसऱ्या वर्षाला कसे घुसणार?

घुसणार! शब्द बघा. आपण जातो तिथं घुसतोच. तळ्यावर घुसलो, देवळात घुसलो, आता बी.बी.ए.त घुसतोय.

काही शहाणे म्हणतील, मग सीईटी का दिली नाही? सांगतो. ती परीक्षा पहिल्यांदा झाली २०२४ च्या मे महिन्यात. त्या वर्षी मी बारावीला होतो. आमच्या ज्युनिअर कॉलेजात नोटीस लागली नाही. सरांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. शहरातल्या क्लासवाल्यांना ठाऊक होतं. आणि मजा ऐका. त्या वर्षी इतक्या कमी पोरांनी ती परीक्षा दिली, की जागा रिकाम्या राहतील म्हणून सरकारला ऑगस्टमध्ये पुन्हा सीईटी घ्यावी लागली. म्हणजे न कळलेला मी एकटाच मूर्ख नव्हतो. सगळा महाराष्ट्रच मूर्ख होता म्हणायचा.

पण पैसेवाल्या संस्थांनी काय केलं? बऱ्याच कॉलेजांनी कोर्सचं नावच बदललं. बी.एम.एस.ची पाटी काढली, बी.कॉम. इन मॅनेजमेंट स्टडीज अशी पाटी लावली. परिषद नको, सीईटी नको. शिकवणारे तेच, पुस्तकं तीच. नाव बदललं आणि नियमातून सुटले.

आम्ही १९५६ साली धर्म बदलला. आडनावं बदलली. वस्तीचं नाव बदललं. एक विद्यापीठाचं नाव बदलायचं म्हटलं तर २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात आमची घरं जळाली, पोचिराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला बाबासाहेबांचं नाव पाटीवर चढलं, तेही जुन्या नावाला जोडून. सोळा वर्षं लागली. आणि यांचं नाव एका सुट्टीत बदललं. नाव बदलून सुटका होते ती वरच्यांची. आमचं नाव बदललं की आमचेच मुडदे पडतात.

आता तिसरं दार. फी. त्या कॉलेजची वर्षाची फी ७२ हजार. माझा बाप हंगामात दिवसाला साडेचारशे आणतो. म्हणजे १६० दिवस. बापाने १६० दिवस काही खाल्लं नाही, आई आजारी पडली नाही, पाऊस वेळेवर आला आणि मोंढा बंद राहिला नाही, तर एका वर्षाची फी होते. हा माझा कॉस्ट अकाउंटिंगचा पहिला धडा. तोही क्रेडिटमध्ये धरला नाही.

काउंटरवर मी छाती पुढं काढून म्हणालो, मला भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, मॅट्रिकोत्तर. घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या कितीतरी आत. बाई म्हणाल्या, ते तुमच्या कोर्सवर आहे, आमच्या नाही.

हा नियम नीट समजून घ्या, कारण सगळ्यात खोल खड्डा हाच आहे. शिष्यवृत्तीच्या नियमात लिहिलंय की विद्यार्थ्याने राज्य सरकारच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय कोर्सचा विषय किंवा संस्था बदलली, तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. आणखी लिहिलंय की शिक्षणाचा एक टप्पा पास झाल्यावर त्याच टप्प्याचं शिक्षण दुसऱ्या विषयात घेणाऱ्याला शिष्यवृत्ती नाही. बी.ए. झाल्यावर बी.कॉम. करायचं असेल तर स्वतःच्या खिशातून करा.

म्हणजे एक सरकार एका हाताने सांगतं, कधीही या, कधीही जा, कोर्स बदला, कॉलेज बदला, तुम्ही स्वतंत्र आहात. तेच सरकार दुसऱ्या हाताने सांगतं, हललास तर पैसे बंद. पहिला कागद कुणासाठी लिहिलाय? ज्याचा बाप फी भरतो त्याच्यासाठी. दुसरा कागद कुणासाठी? आपल्यासाठी. आडत्याचं पोरगं दर सहा महिन्यांनी कोर्स बदलू दे, त्याला लवचीक शिक्षण म्हणतात. हमालाच्या पोराने एकदा बदलला की तो शिष्यवृत्ती खाऊ, टाईमपास करणारा.

गावात हेच होतं की. पाटलाचं पोरगं गावभर हिंडायचं. महाराने कुठून कुठवर चालायचं ते ठरलेलं. सावली कुठवर पडू द्यायची ते ठरलेलं. आता ती हद्द पोर्टलवर आहे.

परवानगी घ्यावी म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी ऑफिसात तीन चकरा मारल्या. पहिल्या चकरेला साहेब मीटिंगला. दुसऱ्या चकरेला, आधी नव्या कॉलेजचं प्रवेशपत्र आणा. नवं कॉलेज म्हणतं, आधी परवानगी आणा. तिसऱ्या चकरेला त्या ऑफिसातला आपलाच एक माणूस, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावून बसलेला, मला हळूच म्हणाला, "कशाला नाद करतो? बी.कॉम. पूर्ण कर, स्पर्धा परीक्षा दे, माझ्यासारखा चिकट." त्याच्या चहाचे पैसे मीच दिले.

चौथं दार माझ्याच तालुक्याच्या कॉलेजचं. टी.सी. मागितली. हेडक्लार्क म्हणाले, तुझ्या शिष्यवृत्तीतली फी आमच्याकडं जमा झाली नाही, ती भर आणि टी.सी. ने. सरकारने पैसे दिले नाहीत, तो गुन्हा माझा. मूळ कागदपत्रं अडवून धरू नयेत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली सगळ्यांना लिहून कळवलंय. मी ते सांगितलं. हेडक्लार्क म्हणाले, "मग आयोगाकडूनच घे टी.सी." संस्थाचालकांचा फोटो त्यांच्या डोक्यावर होता, कोल्हापुरी फेटा बांधलेला. १९८३ साली विनाअनुदानित कॉलेजांची दारं उघडली आणि साखरसम्राटांतून शिक्षणसम्राट निघाले. उसाची मोळी बांधतात तशी पोरांची कागदपत्रं बांधून ठेवतात. माझी टी.सी. म्हणजे त्यांचं तारण. आज्याचं वतन सावकाराकडं तारण होतं, माझी टी.सी. संस्थेकडं आहे.

आणि पाचवं दार. ते सगळ्यात जुनं आहे. बी.बी.ए. आता व्यावसायिक कोर्स झाला, म्हणून राखीव जागेला जातवैधता प्रमाणपत्र लागतं. बी.कॉम.ला कुणी मागितलं नव्हतं. आमच्या जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आज्याच्या शाळेचा उतारा आणा म्हणाले.

आई म्हणाली, "तुह्या आज्याला शाळा कुठली रे बाबा? शाळेच्या अंगणात पाय ठेवू देत नव्हते."

दोस्तहो, इथं मी रस्त्यात बसलो. खरंच बसलो, एस.टी. स्टँडवर. ज्यांनी आज्याला शाळेत घेतलं नाही, तेच आज विचारतात, आज्याच्या शाळेचा कागद कुठंय? तू अस्पृश्य होतास हे सिद्ध कर. अरे, शाळेच्या रजिस्टरात नाव नाही हाच पुरावा! यापेक्षा मोठा पुरावा कुठला पाहिजे? आज्याचा अंगठा आहे, पण तो सावकाराच्या वहीत आहे. ती वही चालते का? विचारलं मी. नाही चालत. आमच्या तीन पिढ्यांचं कर्ज ज्या वहीवर कोर्टात शाबीत होत होतं, ती वही आमची जात शाबीत करायला चालत नाही.

शेवटी चुलत आज्याच्या भावाचा एक महसुली उतारा सापडला. तोवर जुलै संपला होता. प्रवेश बंद. मी आज त्याच तालुक्याच्या कॉलेजात आहे.

एवढं झाल्यावर मी चळवळीतल्या मित्रांकडं गेलो. वाटलं, मोर्चा काढू. एक कवी म्हणाला, "तुला कशाला पाहिजे मॅनेजमेंट? भांडवलदाराचा मुनीम व्हायचंय का?" दुसरा म्हणाला, "बनिया होणार साला." सगळे हसले. मीही हसलो. मग रात्रभर झोप आली नाही.

मित्रांनो, हसा. पण आता माझंही ऐका, आणि कडू लागलं तर लागू दे.

आपण पोरांना काय सांगतो? शिक. शिकून काय हो? मास्तर हो. तलाठी हो. कारकून हो. बँकेत कॅशियर हो. म्हणजे दुसऱ्याचा पैसा मोज. मनुस्मृती आपण २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली. तिच्या दहाव्या अध्यायात काय सांगितलंय? शूद्राने, ताकद असली तरी, धन साठवू नये. कागद जाळला, पण तो हुकूम आपल्या डोक्यात शाबूत राहिला. पैशाचं नाव काढलं की आपल्याला लाज वाटते. मार्क्सचं भांडवल मांडीवर घेतो, आणि मोंढ्यातली वही वाचता येत नाही.

बाबासाहेब काय शिकले ते विसरलात? १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची मुभा दिली होती. परक्या राजाच्या विद्यापीठाने एका महाराची जागा चार वर्षं राखून ठेवली. मुंबईत आल्यावर त्यांनी शेअरबाजारात सल्ला देण्याचा धंदा काढला. होय, शेअर! सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचं बंद झालं. १९१८ साली सिडनहॅम कॉमर्स कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथं काही प्राध्यापकांनी त्यांच्या पाणी पिण्यावर हरकत घेतली. १९२० साली पैसे साठवून ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून डॉक्टर ऑफ सायन्स झाले. रुपयाच्या प्रश्नावर! आणि १९५३ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉमर्स कॉलेज काढलं. पैशाची विद्या आपल्या पोरांच्या हातात यावी म्हणूनच ना? आपण त्यांचा कोट घेतला, चष्मा घेतला, उंचावलेलं बोट घेतलं. ते बोट ज्या हिशेबावर ठेवलं होतं, तो हिशेब घेतला नाही.

म्हणून मी म्हणतो, बिझनेसची डिग्री ही चैन नाही. ते शत्रूच्या किल्ल्याचं नकाशाचं दालन आहे. आत कोण बसलंय ते बघा. २०१२ साली एका संशोधनात देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची जात तपासली. शेकडा ९२ हून जास्त संचालक उच्च जातींचे. अनुसूचित जाती आणि जमाती, दोन्ही मिळून, शेकडा साडेतीन. त्याआधी २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास छापून आला. वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावं वेगळी. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या मानाने दोन-तृतीयांशाच्या आसपास भरली. पात्रता तीच, कागद तोच. आडनाव वाचलं की क्रेडिट वजा.

हे त्यांना शिकवलं कुठं जातं? त्याच काचेच्या इमारतीत. आणि २००५ च्या ९३व्या घटनादुरुस्तीने खाजगी संस्थांत आरक्षण ठेवायची वाट उघडली, तेव्हा अल्पसंख्याक संस्था तिच्यातून वगळल्या. मुंबईत भाषेच्या नावाने अल्पसंख्याक ठरलेली श्रीमंत कॉलेजं मोजा. गल्ल्यावर बहुसंख्य असलेला वर्ग दरवाजावर अल्पसंख्याक होतो. आणि गावोगावी खरा अल्पसंख्य असलेला माझा बाप रांगेत शेवटी.

अमेरिकेतलं एक उदाहरण देतो. आपल्या पोरांना ब्लॅक पँथर माहीत आहे, १९६६, ओकलंड. ह्युई न्यूटन आणि बॉबी सील कुठं भेटले ते माहीत आहे का? तिथल्या मेरिट कॉलेजात. नावात मेरिट असलं तरी त्याचा गुणवत्तेशी संबंध नाही, ते एका माणसाचं आडनाव आहे. आपल्याकडंही मेरिट हे बऱ्याचदा आडनावच असतं. ते दोन वर्षांचं साधं कॉलेज, गरिबांचं. अशा कॉलेजात दोन वर्षं शिकून तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठात जायची वाट कॅलिफोर्नियाने १९६० साली आपल्या शिक्षणाच्या आराखड्यातच घातली. कोणत्या कॉलेजचा कोणता पेपर कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात चालतो, याचे तक्ते तिथं उघडे असतात. बिझनेसला जायचं असेल तर हिशेबशास्त्राचे, अर्थशास्त्राचे, गणिताचे कोणते पेपर आधी करायचे, हे पोराला पहिल्याच दिवशी वाचता येतं. न्यूटनने पुढं १९८० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. तिथं स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. तिथलीही गरीब आणि काळी पोरं त्या वाटेवर मोठ्या संख्येनं गळतात. पण तक्ता भिंतीवर आहे. आपल्याकडं तक्ता बाईंच्या टेबलाच्या खणात आहे. जो तक्ता दिसत नाही, त्याच्याशी भांडायचं कसं?

म्हणून आता मागण्या. भीक म्हणून मागत नाही, हिशेब म्हणून मागतो.

१. कोणत्या कोर्सचे कोणते क्रेडिट कुठं चालतात, याचा तक्ता प्रत्येक विद्यापीठाने प्रवेशाच्या आधी मराठीत जाहीर लावावा. न जुळण्याचं कारण लेखी द्यावं. नाव वेगळं आहे, हे कारण चालणार नाही. आत काय शिकवलं ते बघा.

२. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याची, कोर्सची नाही. पोरगं जिथं जाईल तिथं ती त्याच्या मागून गेली पाहिजे. परवानगीची अट काढा.

३. सरकारचे पैसे आले नाहीत म्हणून टी.सी. अडवणाऱ्या संस्थेवर कारवाई करा. नुसती परिपत्रकं नकोत.

४. व्यावसायिक कोर्सच्या दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागा जाहीर करा. त्यांना आमचं १३ टक्के आरक्षण लावा, आणि बी.कॉम.चं पहिलं वर्ष पास झालेल्याला सीईटीशिवाय त्या जागा खुल्या करा.

५. ज्यांच्या आज्याला शाळेत घेतलं नाही, त्यांच्याकडं आज्याच्या शाळेचा उतारा मागू नका. तो अपमान आहे.

मी विद्यापीठाकडं माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागांवर आमचे किती घेतले, एवढंच विचारलं. उत्तर आलं, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. बघा, आपली मोजदादच नाही. आडत्याच्या वहीत निदान एक पान तरी होतं.

राहता राहिला मी. मी दर रविवारी संध्याकाळी वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर बसतो. हमाल येतात. कुणी मोबाईलवर गादीवरच्या पानाचा फोटो काढून आणतो, कुणी तोलाईची चिठ्ठी. मी वाचून दाखवतो. दुसऱ्या वर्षाचा अभ्यास असा चाललाय. मागच्या महिन्यात अकरा जणांची पानं वाचली. चार पानांत चूक निघाली. चारही चुका एकाच बाजूच्या. आडत्याच्या वहीत चूकसुद्धा कधी हमालाच्या बाजूने होत नाही.

पहिले काही रविवार बाप लांब उभा राहायचा. परवा येऊन बसला. म्हणाला, "ते नावे म्हंजी कोणती बाजू?" मी त्याचा डावा हात धरून दाखवला, ही.

ही शाळा कुठल्या पोर्टलवर नाही. हिचे क्रेडिट कुठल्या बँकेत जमा होत नाहीत. पण दोस्तहो, प्रत्येक तालुक्याच्या मोंढ्याशेजारी असा एक ओटा असू दे. आणि प्रत्येक ओट्यावरून दोन-दोन पोरं त्या काचेच्या इमारतीत गेली पाहिजेत, नियमांची पुस्तकं काखेत मारून. काउंटरवर विचारा, तक्ता कुठंय? खण उघडा म्हणा. नाही उघडला तर तिथंच बसा, मी एस.टी. स्टँडवर एकटा बसलो तसं नाही, पन्नास जण मिळून बसा.

पत आमची होती. ती बुडवणाऱ्यांची नावं आता आम्हाला वाचता येतात.

जयभीम.